शशी सोनं फेकत होता

तुम्ही खोटं बोलताय. गोड इंग्रजीत बोललं म्हणून खोट्याचं खरं होत नाही. तुमच्या नदी-नाल्यांच्या खात्यातल्या माणसाने माझ्या मित्राच्या तळहातावरून सोनं उचललं, त्याला चोरासारखं पुलावर उभं केलं, आणि आता तुम्ही म्हणता की असली वस्तू तुमच्याकडे नाहीच. मी तिथे होतो. आधी गुडघाभर पाण्यात, मग पुलावर. काय झालं ते सांगतो, आणि सगळं सांगतो. आम्ही एकमेकांशी कसे वागलो तेही.

माझं नाव एफ्राईम पेणकर. स्लाऊला राहतो, ट्रेडिंग इस्टेटवरच्या एका गोदामात शिफ्ट सांभाळतो. तुमच्या कार्यालयातल्या बाईने मला फोनवर विचारलं, नाव ज्यू आणि मित्र इंडियन, हे कसं काय? मी म्हटलं, बाई, आम्ही कोकणातलेच ज्यू, आमचे लोक तिथे तेलाचे घाणे चालवत होते, तेव्हापासून असंच आहे. तिला ते आवडलं नाही. मला तिचा प्रश्न आवडला नाही. फिटंफाट.

मला ओढ्यात सोनं शोधायचा नाद आहे. पसरट पॅन घ्यायचा, त्यात ओढ्याच्या तळाची वाळू भरायची, पाण्यात हलवत बसायचं. हलकं ते वाहून जातं, जड ते तळाशी बसतं. शेवटी काळी वाळू उरते आणि नशीब असेल तर त्यात एखादा पिवळा कण. वर्षभर कंबर मोडून जे मिळतं त्यातून उंदराच्या दातालासुद्धा टोपी होणार नाही. पण थंड पाण्यात हात घालून बसलं की डोक्यातलं गोदाम बंद होतं. म्हणून जातो. माझ्याबरोबर मिहीर असतो. केंब्रिजला कॉम्प्युटरवर काहीतरी करतो, वयाने पोरगाच आहे माझ्यापुढे, मला काका म्हणतो. एकदा मी एका ओढ्यात पाय घसरून मराठीत शिवी दिली आणि पलीकडच्या काठावरून हा हसला, तेव्हाची ओळख.

तिसरा शशी. कॉव्हेंट्रीच्या हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर होता, आता निवृत्त. बहिणीकडे गेलो असताना माझं पित्ताशय फुगलं, तेव्हा हाच आला होता. म्हणाला, दहापासून उलटे आकडे मोजा. मी मराठीत मोजायला लागलो, तर हा म्हणाला, "सातनंतर सहा येतो, आठ नाही." मग मी झोपलो. उठलो तो मित्र होऊनच.

त्याची बायको अनुराधा दोन वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर शशी घराबाहेर पडेना. मी फोन केला की म्हणायचा, ठीक आहे. अशा माणसाने गेल्या वसंतात एकदम फोन केला. "एफ्राईम, तू ते सोनं शोधतोस ना, मला शिकव." मला बरं वाटलं. ज्युडिथ, माझी बायको, म्हणाली, चला, माणूस हलला एकदाचा. पुढे तो म्हणाला, "जागा मी सांगतो. वेल्समध्ये एक ओढा आहे." तेव्हाच मला कळायला हवं होतं. ज्याला पॅन उलटा की सुलटा ते ठाऊक नाही, तो ओढा निवडतो?

ओढ्याचं नाव मी लिहीत नाही. तुम्हाला ठाऊक आहे. ज्या शेतकऱ्याच्या रानातून तो जातो त्याला मिहीरने आधी विचारलं होतं. "पाण्यात खेळायचं असेल तर खेळा, पण फाटक लावून घ्या," असं तो म्हणाला होता. आम्ही फाटक लावून घेतलं. हेही लिहून ठेवा.

शनिवारी सकाळी पोचलो. मी वरच्या अंगाला बसलो, मिहीर वळणावर. शशीने लाकडी पुलाच्या खालचा डोह धरला. मी म्हटलं, "तिथे नको, तिथे पाणी जोरात आहे, बारीक सोनं थांबत नाही." म्हणाला, "मला इथेच बरं आहे." शिकायला आलेला माणूस आणि ऐकतच नाही. बरं, राहू दे.

तासाभराने थर्मास घेऊन त्याच्याकडे गेलो. तो पॅन हलवत होता आणि हात मात्र छान बसला होता. मी त्याच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. काळ्या वाळूच्या कडेला दोन पिवळे कण, खसखशीएवढे, चांगले चमकणारे. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. आणि शशीने पॅन पाण्यात बुडवून एका झटक्यात सगळं सोडून दिलं.

"अरे, सोनं फेकलंस."

"कुठे?"

"आत्ता. दोन कण होते."

"असतील," शशी म्हणाला आणि पुढची वाळू भरायला लागला.

असतील. मी पंधरा वर्षं हा उद्योग करतोय. सोनं दिसल्यावर ओरडणारे पाहिलेत, रडणारे पाहिलेत, खोटं बोलणारे तर पुष्कळ पाहिलेत. असतील म्हणणारा पहिलाच.

दुपारी मिहीरने डब्यातून दडपे पोहे काढले. शशी जेवायला काठावर आला नाही, म्हणाला भूक नाही. मिहीर माझ्याजवळ सरकला.

"काका, एक बोलू? शशीकाका चाळणी उलटी वापरतायत."

"म्हणजे कशी?"

"आपण बारीक ठेवतो आणि जाड फेकतो. ते बारीक जाऊ देतात आणि वरचं जाड बोटांनी चिवडतात."

"नवीन आहे. कळत नसेल."

"भूल द्यायचे ते. मिलीलिटर न चुकणारा माणूस. त्यांना चाळणी कळत नाही?"

मी पोहे चावत राहिलो. मिहीर खालच्या आवाजात म्हणाला, "त्यांना इथे काहीतरी मोठं आहे हे माहीत आहे. आपल्याला माहीत नाही. आपण त्यांना शिकवायला आलोय की त्यांचा पहारा करायला, मला कळत नाहीये."

"तू फार हुशार आहेस," मी म्हटलं. "गप खा."

पण मनात किडा सोडून बसला तो. आमच्यात एक नियम आहे: तिघांना जे मिळेल ते एकाच काचेच्या कुपीत. त्यात कोणाचं जास्त कोणाचं कमी हे बघायचं नाही. माणसं या असल्या धुळीसाठी भाऊ तोडतात, म्हणून मीच घातलेला नियम. दुपारभर मी माझ्या पॅनकडे कमी आणि पुलाकडे जास्त बघत होतो. शशीने दोनदा खाली वाकून काहीतरी उचललं, डोळ्यांजवळ नेलं आणि मग फेकलं. फेकलं असं मला दिसलं. मुठीत काय राहिलं ते दिसलं नाही.

संध्याकाळी भाड्याच्या कॉटेजवर आलो. ज्युडिथने दिलेली नारळाच्या रसातली मच्छी गाडीत राहिली होती, ती आणायला मी बाहेर गेलो. भिंतीआड शशी फोनवर बोलत होता.

"लॉकरमध्येच आहे. हो. दोन्ही. अगं, हात कोण लावणार तिथे? आणतो म्हटलं ना." मग थोडं थांबून, "सोनाराला सांग, घाई करू नको."

मी डबा तसाच धरून उभा राहिलो. लॉकर. दोन्ही. सोनार. तुम्हीच सांगा, मी काय समजायचं? या माणसाला इथे आधीच मोठे खडे मिळालेत, बँकेत ठेवलेत, सोनाराशी बोलणं चाललंय, आणि आम्हाला तो हमालासारखा बरोबर घेऊन आलाय. असंच समजलो मी. आज वाचताना तुम्हाला मी हलका वाटेन. वाटू दे.

जेवताना मी कुपी टेबलावर ठेवली. माझे चार कण, मिहीरचे त्याहून जास्त.

"शशी, तुझं काही नाही का?"

"नाही मिळालं."

"काहीच?" मिहीरने विचारलं.

"काहीच."

मी हसत म्हटलं, "मग सगळ्यांचे खिसे झाडू या का? कस्टमवाल्यांसारखे?"

कोणी हसलं नाही. शशीने माझ्याकडे पाहिलं, उठला, आणि एकेक खिसा टेबलावर उलटा केला. रुमाल. ब्लडप्रेशरच्या गोळ्या. चष्म्याची डबी. एक जेवणाचा चमचा, दांडा वाकवून टोकाला घासलेला.

"चमचा कशाला?" मी विचारलं.

"फटीतली वाळू खरवडायला."

"हे मी शिकवलं नव्हतं."

"नाही. मीच शिकलो," शशी म्हणाला आणि चमचा रुमालात गुंडाळून ठेवला. "अजून काही काढू? दात कवळीचे नाहीत, नाहीतर तेही काढून ठेवले असते."

त्यानंतर मच्छीला चव नव्हती. ज्युडिथला हे सांगितलं नाहीये.

रविवारी उठलो तर शशीचं अंथरूण रिकामं. मी मिहीरला न उठवता सरळ ओढ्यावर गेलो. शशी पुलाखाली पाण्यात जवळजवळ आडवा झाला होता, एक गाल दगडाला लावून, हात खांद्यापर्यंत खडकाच्या फटीत. चौसष्ट वर्षांचा माणूस. ओठ निळे पडले होते.

"काय लपवतोयस?" मी काठावरूनच विचारलं.

"एफ्राईम, जा ना तू."

"लॉकरमध्ये काय आहे?"

त्याने आणखी एकदा फट चाचपली. मग हात बाहेर काढून दगडावर बसला.

"लॉकरमध्ये काही नाही," तो म्हणाला. "वरदाला खोटं सांगतोय मी."

वरदा त्याची मुलगी. कॉव्हेंट्रीतच जन्मली, वाढली. तिचं लग्न ठरलंय, हे मला ठाऊक होतं.

"तिला आईच्या मंगळसूत्रातल्या वाट्या हव्यात. तिच्या मंगळसूत्रात घालायला."

"मग दे की."

"इथे आहेत त्या." आणि त्याने पाण्याकडे बोट केलं.

मग त्याने सांगितलं. अनुराधा सवाष्ण गेली. दहनाच्या आधी तिथल्या माणसांनी दागिने काढून एका छोट्या पिशवीत त्याच्या हातात ठेवले. पुण्याचे गुरुजी व्हिडिओवर होते. ते म्हणाले, सवाष्ण बाईचं लेणं तिच्याबरोबर जाऊ द्यावं. लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीपासून ती दोघं या ओढ्यावर येत. तिला हा पूल आवडायचा. म्हणून अस्थी त्याने इथे आणल्या. पुलावर बसून मंगळसूत्राचा दोरा तोडला आणि राखेबरोबर मणी, वाट्या, सगळं ओंजळीने सोडलं. एकटाच होता. वरदा तेव्हा गरोदरपणाच्या त्रासातल्या मैत्रिणीकडे गेली होती की कामावर होती, ते त्याला आता आठवतही नाही. तिला न विचारता सोडलं, एवढं आठवतं.

आमच्या बायकाही वाट्या घालतात. ज्युडिथच्या गळ्यात आहेत, माझ्या आईच्या गळ्यात होत्या. पण आमच्यात मेलेल्या माणसाला सुती कापड आणि माती, बस. सोनं मागे राहणाऱ्याचं. मी हे त्याला बोललो.

"तू मला आत्ता शहाणपण शिकवणार आहेस?" शशी म्हणाला.

"नाही."

"मग पॅन घे."

मी परत जाऊन मिहीरला उठवलं, वाटेत सगळं सांगितलं. तो पोरगा लाल झाला. ओढ्यावर आल्यावर शशीला म्हणाला, "काका, मी काल तुमच्याबद्दल..."

"माहीत आहे. मला कमी ऐकू येतं, पण तेवढं नाही. कुठे शोधायचं ते बोल."

मिहीरने डोकं चालवलं. दोन हिवाळ्यांचे पूर येऊन गेलेत, पण जड वस्तू फार लांब जात नाही, पाण्याचा जोर मोडतो तिथे बसते. डोहाच्या खाली एक मोठा धोंडा होता, त्याच्या मागच्या बाजूला खडकाला लांब भेग. त्याने ती दाखवली. शशी त्या भेगेत चमचा घालून खरवडत राहिला, मी खालची वाळू पॅनमध्ये घेत राहिलो. काळे मणी तीन मिळाले. मग बराच वेळ नुसता गाळ.

आणि मग शशी म्हणाला, "थांब."

त्याच्या बोटांत एक चिखलाचा गोळा होता. त्याने तो पाण्यात धरला. चिखल निघाला आणि वाटी दिसली. एवढीशी, आतून खडीने भरलेली. त्याने अंगठ्याने कड चाचपली आणि म्हणाला, "माहेरची आहे. ही बघ, वरदाने दात मारलाय. पहिले दात येत होते तेव्हा." खरंच, काठाला बारीक खोक होती.

शशी पाण्यात बसला. कपड्यांसकट, तिथेच. मिहीर तोंड फिरवून काठावरचं गवत उपटत होता.

तेव्हा वरून आवाज आला. तुमचा माणूस. हिरवं जाकीट, छातीवर शिवलेला बिल्ला. पुलाच्या कठड्यावर कोपरं टेकून उभा होता आणि किती वेळ उभा होता देव जाणे. त्याने आम्हाला वर बोलावलं. म्हणाला, गेले काही शनिवार-रविवार एक माणूस इथे एकटा दगड उचकतो, असा फोन आला होता. मी शशीकडे पाहिलं. म्हणजे हा आधीही येत होता, एकटा, चमचा घेऊन.

"काय सापडलं?" त्याने विचारलं.

आता इथे आमची चूक. मी असतो तर म्हटलं असतं, थंडी सापडली. पण शशी पडला जन्माचा डॉक्टर. बिल्ला दिसला की खरं बोलणारा. त्याने दोन्ही हातांवर वाटी ठेवून पुढे केली, प्रसाद दिल्यासारखी.

"ही माझ्या बायकोची आहे," तो म्हणाला.

"तुमची बायको कुठे आहे?"

"इथे," शशी म्हणाला आणि खाली पाण्याकडे पाहिलं.

तुमचा माणूस एक पाऊल मागे सरला. त्याचा हात कमरेच्या रेडिओवर गेला. मी ते पाहिलं. मिहीरने घाईघाईने अस्थी, राख, आमची पद्धत असं सगळं समजावलं. तेव्हा तो माणूस म्हणाला, अस्थी टाकायला परवानगी घेतली होती का? आणि वाटी तुम्ही स्वतः पाण्यात टाकली का?

"हो," शशी म्हणाला.

"म्हणजे तुम्ही ती टाकून दिली."

"टाकून नाही दिली. सोडली."

"फरक काय?"

शशीने हातातल्या वाटीकडे पाहिलं. मी उत्तर द्यायला लागलो तर तुमच्या माणसाने मला हाताने गप्प केलं. त्याने पारदर्शक पाकीट काढलं, वाटी त्यात टाकली, म्हणाला की या देशात जमिनीतलं सोनं राजाचं असतं, आणि हे नक्की कसलं सोनं आहे ते तपासावं लागेल. राजाच्या सोन्याला कधी दुधाचे दात उमटलेले असतात का? हे मी विचारलं. त्याने उत्तर म्हणून माझं नाव विचारलं. मग तिघांची नावं, पत्ते, गाडीचा नंबर घेतला. एक बाई कुत्रं घेऊन चालली होती, तिने मुद्दाम थांबून आमच्याकडे बघितलं आणि कुत्र्याला जवळ ओढलं. शशी हात तसेच पुढे धरून उभा होता. रिकामे.

परत येताना गाडीत तो एकच वाक्य बोलला. "मी भांडायला हवं होतं ना?"  हो म्हणणं मला जमलं नाही.

त्याच आठवड्यात त्याने वरदाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, तू मला आधी का नाही सांगितला? मी चिडली असती, पण दोन दिवस फक्त." पोरगी चांगली आहे. मराठी धड नाही, पण काळीज शाबूत आहे. तिने तुमच्या कार्यालयाला तुमच्याच भाषेत लिहिलं. लग्नातला आईचा फोटो जोडला, गळ्यातल्या वाट्या मोठ्या करून. दाताची खूण कुठे आहे तेही लिहिलं.

तुमचं पहिलं उत्तर: तपास चालू आहे. दुसरं उत्तर: फोटोवरून मालकी सिद्ध होत नाही, दुकानाची पावती द्या. अनुराधाच्या वडिलांनी ज्याच्याकडून ही वाटी घडवली तो सोनार मरून त्याच्या जागेवर आता मोबाइलचं दुकान आहे. पावती कुठली आणणार? तिसरं उत्तर मात्र सुंदर होतं. ही वस्तू नैसर्गिक सोनं नाही, त्यामुळे ती आमच्या अखत्यारीत येत नाही, सबब योग्य त्या विभागाकडे पाठवली आहे. योग्य तो विभाग कोणता, हे विचारायला वरदाने फोन केला. मग मी केला. मग मिहीरने केला, तो तर तासभर संगीत ऐकत बसला. शेवटी तुमच्यापैकी एकजण म्हणाला की अशी कुठलीही वस्तू जमा झाल्याचं त्यांना दिसत नाही, कदाचित आमचा गैरसमज झाला असेल.

गैरसमज. तीन माणसांचा, एकाच वेळी, एकाच वाटीबद्दल.

दुसरी वाटी ओढ्यातच राहिली. त्या तीन मण्यांचं काय करायचं ते शशीला कळत नव्हतं. वरदाने ते मागून घेतले. लेस्टरच्या सोनाराला तिने मंगळसूत्र करायला दिलंय आणि सांगितलंय की एका वाटीची जागा मोकळी ठेवा. सोनार म्हणाला, बाई, एका वाटीचं मंगळसूत्र बरं दिसत नाही, मी दुसरी घडवतो. ती म्हणाली, थांबा. आता तो दर आठवड्याला विचारतो आणि ती दर आठवड्याला थांबा म्हणते. शशी पुन्हा घराबाहेर पडेनासा झालाय. मी फोन केला की म्हणतो, ठीक आहे.

मी त्या माणसाबद्दल एकदा संशय घेतला होता. डोळ्यांदेखत सोनं फेकणाऱ्या माणसाबद्दल. तेव्हा संशय म्हणजे काय चीज असते ते मला कोणी शिकवू नये, आणि आता माझा संशय तुमच्यावर आहे. तो लपवून ठेवायची मला गरज वाटत नाही.

तुमच्या अखत्यारीत नव्हती तर घेतली कशी? पाठवली तर कोणाकडे, कोणाच्या हाती? पाकीट बंद करताना त्यावर तुमच्या माणसाने पेनाने काहीतरी लिहिलं होतं, ते मी पाहिलंय, म्हणून आता असं पाकीट नव्हतंच असं मला सांगू नका. दिलगिरी नको. पुन्हा तपास नको. मोठ्या साहेबांची सही असलेला कागद तर मुळीच नको.

लग्न तोंडावर आलंय. अनुराधाची वाटी या घडीला कुठे आहे आणि कोणाच्या ताब्यात आहे, माणसाचं नाव घेऊन सांगा.